मेतकूट लिहिलेल्या दोन पिशव्या

तुम्ही माझ्या नवऱ्याला खोटं बोलायला लावलंत. आधी हे सांगते, मग बाकीचं.

तुम्ही म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची ती लांब टेबलाची खोली, आणि तिथे बसून कोणता माणूस कामाला फिट आणि कोणता अनफिट हे ठरवणारे पाच जण. तुमची नावं लिहीत नाही. तुमची तुम्हाला ठाऊक आहेत.

विश्वास एकोणपन्नास वर्षांचा आहे. मूळचा नाशिकचा. तुमच्या प्लांटवर सोळा वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. टाकीत किती तेल, पाइपात किती दाब, हे दाखवणारे मीटर खरं दाखवतात की नाही ते बघणं त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी टीव्ही बघताना त्याच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. सारखा. मी म्हटलं, "काय रे, कोणाचा जप चाललाय?"

"कोणाचा जप?" तो म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं. त्याने खाली बघितलं, हात मांडीखाली दाबला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

आम्ही कुवेतमध्ये फहाहीलला राहतो. तिथे दवाखान्यात जा, भाजीला जा, तुमच्या कंपनीचा कोणीतरी भेटतोच. म्हणून चाळीस किलोमीटर गाडी हाकत बनेद अल-गारला गेलो, कारण तिथे आम्हाला कुत्रं ओळखत नव्हतं. डॉक्टर नर्मदा. निपाणीच्या, मराठी छान बोलतात. त्यांनी त्याला चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावलं. गोल बारीक बारीक होत गेले. "पार्किन्सन," त्या म्हणाल्या. "आजार जात नाही. पण गोळ्यांनी पुष्कळ वर्षं नीट जातात. ऑफिसात सांगून टाका, काम जरा हलकं मिळेल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तुमच्या मेडिकलमध्ये मालवणच्या जगन्नाथने खरं सांगितलं होतं, रात्री झोपेत झटका आला म्हणून. तेराव्या दिवशी तो विमानात होता. त्याच्या बायकोने अर्धं घर शेजारच्यांना वाटून टाकलं. आमच्याकडे त्यांचा इडलीचा कुकर आला.

म्हणून आम्ही नाही सांगितलं. विम्याचं कार्ड वापरलं नाही. गोळ्यांची चिठ्ठी घरात ठेवली नाही. इथे नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जातो, इकामा गेला की बायको-मुलीचाही जातो, हे तुम्हाला मी काय सांगणार. तो कागद तुमच्याच कपाटातून निघतो.

वर्षाच्या मेडिकलची तयारी आम्ही स्वयंपाकघरात करायचो. तुमचा डॉक्टर हात पुढे करायला लावतो ना? मी त्याच्या पसरलेल्या हातांवर वर्तमानपत्राचं पान ठेवायचे आणि पान हललं की सांगायचे. गोळी पोटात गेल्यावर चाळीस मिनिटांनी पान थांबतं, दोन तास थांबलेलं राहतं. तुमची वेळ आठची असली की गोळी सात वीसला, गाडीत. एकदा तुमचा डॉक्टर दीड तास उशिरा आला. विश्वास बाहेरच्या बाकावर घड्याळ बघत बसला होता. घरी येऊन त्याने शर्ट काढला तो पिळण्याइतका ओला. फिटचा शिक्का मिळाला होता.

असं तीन वर्षं. भीतीची सवय होते असं लोक म्हणतात. आम्हाला नाही झाली. खैरानला कंपनीची सहल होती, तिथे प्रसादने, याच्याच सेक्शनमधल्या, चहाचा कप हातात दिला आणि कप बशीवर वाजायला लागला. प्रसाद ओरडला, "अरे विश्वास, वहिनी बघताहेत म्हणून एवढा थरथरतोस का रे?" सगळे हसले. मीही हसले. मोठ्याने हसले, म्हणजे बशी ऐकू येऊ नये.

मग लिऊ आला. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात त्या शटडाउनच्या कामाला जी चिनी कंपनी आली होती तिच्यातला. पन्नाशीचा, गप्प माणूस. कंट्रोल रूममध्ये त्याने विश्वासचा हात बघितला. दोन दिवसांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक म्हातारा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकतोय, हात हलतोय, पण टाकतोय. "माय फादर," लिऊ म्हणाला. "नाइन इयर." आणि एक कागदाची पुडी विश्वासच्या खिशात सरकवली.

पुडीत काड्या, मुळांच्या चकत्या, कसल्या तरी साली. काड्यांना मांजराच्या नखांसारखे आकडे. मी त्याचा काढा केला, आपल्याकडे करतात तसा, चार कप पाणी आटवून एक कप. आठ दिवसांनी लिऊने विचारलं कसं उकळता, आणि ऐकून त्याने डोकंच धरलं. ते आकडे म्हणे सगळ्यात शेवटी टाकायचे, दहा मिनिटं, बस. मी पाऊण तास उकळत होते. विश्वास म्हणाला, "तुझ्या हातचा वरणभात आणि काढा, दोन्ही शिजतात तेव्हा शिजतात." पुष्कळ दिवसांनी तो असं काही बोलला.

चौथ्या आठवड्यात त्याने उजव्या बाहीचं बटण स्वतः लावलं. ते लावायला डावा हात लागतो. मी दारात उभी राहून बघत होते आणि त्याला कळू दिलं नाही. रात्रीची झोप सुधारली. चेहऱ्यावर जो लाकडीपणा आला होता तो थोडा सैल झाला, म्हणजे मला तसं वाटलं. ज्ञानदाला, आमच्या मुलीला, नाही वाटलं. "आई, यू वाँट टू सी इट," ती म्हणाली. बारावीला आहे. तिचं एक वाक्य मराठी, तीन इंग्रजी.

डॉक्टर नर्मदांना आम्ही सांगितलं. लपवाछपवीत एवढं एकच माणूस होतं ज्याला खरं सांगायचो. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "चीनमध्ये हे पिढ्यान्‌पिढ्या देतात. उंदरांवर, पेशींवर अभ्यास झालेत, काही बरे दिसतात. माणसांवरचे लहान आहेत, त्यावर मी पैज लावणार नाही. फरक गोळीने पडलाय की काढ्याने की नुसत्या आशेने, मी सांगू शकत नाही. माझ्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि यात काय काय आहे त्याची यादी आणा. यादीशिवाय मी आंधळी आहे."

यादी लिऊला विचारली. तो म्हणाला, चौदा वस्तू, नावं चिनीत. पुढच्या वेळी औषधाच्या दुकानातून डबेच आणतो, त्यावर सगळं छापलेलं असतं.

आता जे लिहितेय ते तुम्हाला माहीत नाही. याच दिवसांत विश्वासला एकदा शिडीवर अंधारी आली. टाकीच्या शिडीवर, चौदा फुटांवर. त्याने कठडा धरला, डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि उतरला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मला सांगितलं. मी त्याच्यावर ओरडले आणि मग काढा गाळून त्याच्या हातात दिला. हो, दिला. हे वाचून तुम्ही खुर्चीत सरसावून बसाल, की बघा, आम्ही म्हणत नव्हतो? बसा. पुढचं वाचा.

लिऊचं काम संपलं, तो गेला. काढ्याचा वास जिन्यात पसरायचा, इमारतीचा राखणदार, हारिस, दार वाजवून विचारायचा, "मॅडम, क्या जल रहा है?" म्हणून लिऊला पूड पाठवायला सांगितलं, नुसती गरम पाण्यात ढवळायची. थेट कुवेतला मागवायची छाती नव्हती, विश्वासच्या नावाचं पार्सल कोणी उघडलं तर? नाशिकला विश्वासचा धाकटा भाऊ सुशांत आहे. त्याच्या कारखान्यात चीनहून सुटे भाग येतात. त्याच खोक्यातून लिऊने डबे पाठवले.

आता ते इथे कसे आणायचे? तर जसं सगळं येतं तसं. आमच्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतं, कोणी येतंय का, दोन किलोला जागा आहे का. चकलीची भाजणी, काळा मसाला, मुलांची पुस्तकं, सगळं दुसऱ्याच्या बॅगेतून येतं. कोणी उघडून बघत नाही. उघडून बघणं म्हणजे अपमान. शर्वरी येत होती. सत्तावीस वर्षांची पोर, बँकेत कम्प्युटरचं काम, चारच महिन्यांपूर्वी इथे लागलेली, बहिणीच्या लग्नाला नाशिकला गेलेली. मला उल्काताई म्हणते.

सुशांतचा फोन आला. "वहिनी, बारा डबे आहेत. वर चिनी, मागे बारीक अक्षरात लांबलचक यादी. असेच देऊ?"

"असे नको. डबे टाकून दे. पूड दोन पिशव्यांत भर, वर मेतकूट लिही."

"यादीचा फोटो तरी काढतो."

"फोनमध्ये काही ठेवू नकोस. सांगते ते कर."

"कस्टमवाले एवढे कडक आहेत का तिकडे?"

"हो," मी म्हटलं.

कस्टमचं निमित्त होतं. मला शर्वरीची भीती होती. डबा बघून ती विचारेल, ताई, कशाचं औषध? कोणाला? आणि मग तिच्या खोलीतल्या दोघींना कळेल, मग प्रसादच्या बायकोला, मग तुम्हाला. जी यादी डॉक्टर दोन महिने मागत होत्या ती मी माझ्या तोंडाने कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावली.

शनिवारी सकाळी साडेनऊला तिचं विमान उतरलं. विश्वासला सुट्टी, तो दाढी करत होता. दहा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन.

"उल्काताई, हसू नका हं. तुमचं मेतकूट अडकलंय इथे." ती स्वतःच हसत होती. "यूसुफ म्हणून ऑफिसर आहेत, ते विचारतात हे काय. मी म्हटलं आम्ही भातावर घालून खातो. त्यांना पटत नाही. थांबा, मी त्यांना खाऊनच दाखवते."

"शर्वरी, थांब. खाऊ नकोस."

"अहो, मेतकूट तर आहे. साहेब, सी, वी ईट धिस—"

मग मी तिचं खोकणं ऐकलं. उलटी आल्यासारखा आवाज. खुर्ची सरकली. एक पुरुषी आवाज अरबीत काहीतरी जोरात बोलला. मग तिचा आवाज, एकदम लहान.

"ताई... हे मेतकूट नाहीये."

फोन बंद झाला.

मी ओट्याशी उभी होते. बाथरूममधून विश्वासच्या मशीनची घरघर येत होती. त्या पुडीत काय आहे हे मला माहीत नव्हतं. तिने चिमूटभर खाल्ली की चमचाभर? तिला काही झालं तर? आणि यूसुफने विचारलं असेल, कोणाचं आहे, तर ती काय सांगेल? ती माझं नाव सांगेल. मग दारावर कोण येईल?

फोन परत वाजला. शर्वरी. मी उचलला नाही.

परत वाजला. मी तो ओट्यावर पालथा घातला. तो थरथरत ओट्यावरून सरकत गेला आणि पिठाच्या डब्याला जाऊन टेकला.

चाळीस मिनिटं. मोजून नऊ फोन. या चाळीस मिनिटांत मी काय काय ठरवलं ते सांगते. तिला म्हणायचं, आम्हाला माहीत नाही, सुशांतने काय दिलं. सुशांतला म्हणायचं, तू फोन उचलू नकोस. त्या पोरीने आमच्यासाठी दोन किलो वाहून आणले आणि मी तिला तिथे एकटी सोडायचं ठरवत होते. मी वाईट बाई नाही. पण त्या दिवशी दहा दहा ते दहा पन्नास मी तीच होते.

ज्ञानदा पाणी प्यायला आली. फोन उलटा करून तिने बघितलं. "नाइन मिस्ड कॉल्स? आई, हू डाइड?"

"कोणी नाही. अभ्यासाला जा."

"शर्वरीदीदी आहे. पिक इट अप."

"मी सांगितलं ना जा म्हणून!"

विश्वास टॉवेल गळ्यात घालून दारात येऊन उभा राहिला. मी सांगितलं. तुटक तुटक, उलटसुलट. तो खुर्चीवर बसला. सकाळच्या गोळीचा असर संपत आला होता, हात मांडीवर उडत होता, आणि तो तिकडे बघतही नव्हता.

"तिने खाल्लं?" एवढंच विचारलं.

"हो."

"शर्ट दे."

"विश्वास, ऐक. मी जाते. सांगते माझं आहे, गुडघ्यासाठी."

"मग ते गुडघ्याची फाइल मागतील. आहे?"

"गेलास तर सगळं संपेल. नोकरी, इकामा, हिची परीक्षा फेब्रुवारीत आहे. तू समजतोस का काय बोलतेय मी?"

"समजतोय. मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटतेय, उल्का. तीन वर्षं मला दुसरं काही वाटलंच नाहीये. पण ती पोर माझं औषध तोंडात घालून बसलीय आणि तिला माहीतपण नाही ते काय आहे. शर्ट दे."

ज्ञानदा दारात उभी होती. तिला आजाराचं माहीत होतं, एवढंसं तर घर, पण आम्ही तिच्यासमोर कधी नाव घेतलं नव्हतं. ती इंग्रजीचा एकही शब्द न घालता म्हणाली, "बाबा, मी बटणं लावते."

गाडी मी चालवली. वाटेत डॉक्टर नर्मदांना फोन केला. त्या म्हणाल्या, एवढ्याने बहुतेक काही होणार नाही, पाणी प्यायला सांगा, आडवं व्हायला सांगा, उठताना सावकाश. मग थांबून म्हणाल्या, "बहुतेक म्हणतेय. यादी असती तर बहुतेक म्हणाले नसते." विश्वासच्या आजाराचा रिपोर्ट त्यांनी मोबाइलवर पाठवला.

विमानतळावरच्या त्या खोलीत एसी इतका होता की दात वाजावेत. शर्वरी भिंतीला टेकून खुर्चीवर, ओढणी तोंडाला लावलेली, चेहरा पिठासारखा. लग्नाची मेंदी कोपरापर्यंत. तिने आमच्याकडे एकदाच बघितलं. टेबलावर दोन पिशव्या, एक फोडलेली, वर सुशांतच्या बायकोच्या वळणदार अक्षरात 'मेतकूट (घरचे)'.

यूसुफ तिशीतला असेल. आवाज चढवत नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. हिंदी बरं बोलायचा. "ये किसका है?"

"मेरा," विश्वास म्हणाला. आणि त्याचा हात टेबलाच्या कडेवर ठक ठक ठक वाजायला लागला.

यूसुफने हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. मागे उभ्या शिपायाला त्याने काहीतरी सांगितलं. शिपाई दारापाशी जाऊन उभा राहिला. माझ्या लक्षात आलं त्याला काय दिसतंय ते. त्याला पकडलेला माणूस दिसत होता. थरथरणारा, घाम फुटलेला, खोटी चिठ्ठी लावून पूड आणवणारा.

"इतना डर क्यूँ रहा है?"

"डर से नहीं," विश्वास म्हणाला. "बीमारी है." मग त्याने हात तसाच टेबलावर ठेवला, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो हात तसा बघवत नव्हता. मी बघितला.

यूसुफने रिपोर्ट वाचला. "बार्किन्सन," तो म्हणाला. अरबीत असंच म्हणतात. "बीमारी है तो छुपाया क्यूँ? दवा है तो दवा लिखते."

विश्वासने उत्तराऐवजी मोबाइल पुढे केला.

मग लिऊला व्हिडिओ कॉल. त्याने नेमका त्याच्या बापाचा डबा आणून कॅमेऱ्यासमोर धरला, एकेक नाव वाचून दाखवलं, आणि यूसुफ मोबाइलवर भाषांतर करत कागदावर उतरवत होता. चौदा. सगळ्या झाडपाल्याच्या. मागून म्हातारा डोकावून हात हलवत होता, त्याला वाटलं मुलाचे मित्र आहेत. यूसुफने शेवटी पेन ठेवलं. "ये बोलता है. लॅब बोलेगी तो मानूँगा. लड़की जाएगी. तुम्हारा कफील कौन? मंदूब को बुलाओ."

कफील, म्हणजे इथे ज्याच्या जबाबदारीवर राहायचं तो, तुम्हीच. मंदूब म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा तुमचा माणूस. सुट्टीच्या दिवशी ट्रॅकसूट घालून आला, वैतागलेला. जामीन म्हणून सही केली. रिपोर्टची एक प्रत यूसुफने फाइलला लावली, एक मंदूबने स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून घेतली. तो क्लिकचा आवाज मी ऐकला. त्याने कुठे पाठवला ते तुम्हाला माहीत आहे.

पार्किंगमध्ये संध्याकाळचे पाच वाजले होते. शर्वरीची बॅग विश्वासने उचलायचा प्रयत्न केला, तिने उचलू दिली नाही. मी तिला म्हटलं, "चुकलं गं माझं." ती गाडीच्या काचेतून समोर बघत होती.

"मी त्यांना शपथेवर सांगत होते ताई, की तुम्ही घरच्या आहात. मी नऊ फोन केले."

"हो."

"मला सांगितलं असतंत तरी मी आणलं असतं. डब्यासकट आणलं असतं. औषध म्हणून लिहून दिलं असतं."

मी मान खाली घातली. ते खरं होतं. तिने आणलं असतं. ती तशीच आहे. तिला घरी सोडलं, ती सावकाश पायऱ्या चढली. तिला दोन दिवस मळमळत होतं, पुढे काही झालं नाही. आता ती माझ्या मेसेजला उत्तर देते, पण एका शब्दात.

नवव्या दिवशी लॅबचा कागद आला. बंदी असलेलं काही नाही. पूड मात्र परत नाही. डॉक्टर नर्मदांना यूसुफच्या हातची ती चौदा नावांची यादी दाखवली. त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाल्या, त्या आकड्यांच्या काडीने रक्तदाब उतरू शकतो, आणि माझ्या गोळीनेही उतरतो. दोन्ही मिळून शिडीवरची ती अंधारी. "आधी मिळाली असती यादी तर गोळीच्या वेळा बदलल्या असत्या, नाहीतर काढा थांबवला असता. कदाचित चालूही ठेवला असता, देखरेखीखाली. मला माहीत नाही तो चांगला होता की नाही. तुम्हालाही नाही. आता कळणारही नाही." विश्वासने बाहीचं बटण लावणं सोडलंय. म्हणजे औषध खरं होतं, की एवढ्या सगळ्या भीतीने आजार पुढे सरकला? हे सांगणारं कोणी नाही.

मग तुमचं बोलावणं. तिसरा मजला. मला बाहेर बसवलंत, पण दार पुरतं लागलं नव्हतं. आरोप दोन, आजाराची माहिती दडवणं आणि परवानगीशिवाय बाहेरचं औषध घेऊन धोक्याच्या जागी काम करणं. दोन्ही खरे. विश्वासने दोन्ही कबूल केले. शिडीवरून तो पडला असता तर एकटा पडला नसता, खाली माणसं होती, हे मला कळतं. त्या शिडीचा विचार करून मला अजून झोप लागत नाही. त्याला तिथून उतरवायचं म्हणालात तर मी तुमचे पाय धरेन.

पण तुम्ही त्याला शिडीवरून नाही उतरवलंत, देशातून उतरवलंत. साठ दिवस. ज्ञानदाची परीक्षा ऐंशीव्या दिवशी आहे.

आणि तुमच्यातले मधल्या खुर्चीतले, चष्मेवाले, ते शेवटी मऊ आवाजात म्हणाले, "मिस्टर विश्वास, तुम्ही आम्हाला आधी सांगितलं असतं तर आम्ही काहीतरी केलं असतं."

विश्वास थँक्यू सर म्हणून बाहेर आला. तो तसाच आहे. मी नाही.

हेच वाक्य शर्वरीने म्हटलं तेव्हा मी मान खाली घातली होती. तुमचं ऐकून मात्र मी बाकावरून उठले आणि दारापर्यंत आले, आणि विश्वासने माझं मनगट धरलं, त्या हलत्या हाताने, म्हणून आत आले नाही. म्हणून हे लिहितेय.

सोळा वर्षांत तुमच्याकडे खरं सांगणारे किती आले? त्यातला एक दाखवा, ज्याला खाली बसून करायचं काम दिलंत, गोळीच्या वेळा सांभाळून पाळी दिलीत, आणि ठेवलंत. नाव द्या, मी त्याला जाऊन भेटते. आणि असा एकही नसेल तर तेही सांगा, सहीनिशी, कंपनीच्या कागदावर. आधी सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? माझ्याकडे एकेचाळीस दिवस आहेत. उत्तर द्या.